वाव

एक्झिटरचं अभिलेखागार, पेटी क्रमांक एकेचाळीस.
आत एका आरमारी उमरावाचं घर घड्या घालून ठेवलेलं.
सर एव्हरार्ड टेंपरली, चौथे बॅरोनेट,
डार्ट नदीकाठी अकराशे एकर, एक पाय किंचित आखूड,
आणि लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत घरी काढलेले दिवस,
मी मोजले,
चारशे सहा.

माझं काम कसर, बुरशी, उडालेली शाई.
वाचणं त्यात येत नाही. मी वाचते.

पत्रांच्या तळाशी फिती निघाल्या, रेशमी,
प्रत्येकीला टाचणीनं कागदाचा कपटा
आणि ड्रूसिलाबाईंचं तिरकं अक्षर.
दर सप्टेंबरअखेर पोरांना चौकटीशी उभं करायचं,
टाचेपासून टाळूपर्यंत फीत धरायची, कचकन कापायची
आणि पाठवायची डाकेनं,
नवरा ज्या पाण्यावर असेल त्या पाण्यावर.

पिवळी हेस्टरची.
निळी ऑस्वल्डची. त्याला नदीतल्या होडीतही मळमळायचं,
पुढे पाद्री झाला तेव्हा बापानं दोन वर्षं त्याला ओळ लिहिली नाही.
हिरवी फिबीची, शेंडेफळ.
बापानं तिला एकदाच पाहिलेलं, तेही झोपेत.

टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या.
पिवळ्या बेतानं वाढतात. निळ्या अधाशासारख्या.
हिरवी दोन फूट चार. मग दोन फूट दहा.
दोन फूट दहा.
दोन फूट दहा.

चर्चची जन्ममृत्यूची वही खालच्याच मजल्यावर होती.
मी आधी चहा घेतला.

शिशाचं वजन दोरीला बांधून
रोज पाण्याचा ठाव घेणारा माणूस हा.
अर्ध्या वावेची चूक झाली तर खलाशाच्या पाठीवर कोरडे ओढवणारा.
वाव म्हणजे दोन हात पसरले की मावतं तेवढं.
त्यांच्याही भाषेत त्या मापाचा उगम हाच, पसरलेले हात.
समुद्र मोजायला माणसाला दुसरं काही सुचलं नाही.
आणि खोली? ती घरातही होती एक, दक्षिणेकडची.
त्या वर्षापासून हिशेबाच्या वहीत
तिच्या शेकोटीचा कोळसा नाही.

तिसरी हिरवी फीत पोचली त्या दिवसाची त्याची नोंद:
वारा नैर्ऋत्य, मध्यम. पाणी सतरा वाव, तळाला बारीक वाळू.
विशेष काही नाही.
आणि बायकोला पत्र:
ओक तोडू देऊ नकोस. हेस्टरचं फ्रेंच कच्चं आहे.
फिबीची फीत मिळाली. छान उंच होते आहे.

मला त्याचा राग आला. दोन दिवस टिकला.
तिसऱ्या दिवशी भिंगाखाली ती फीत घेतली.
बाकीच्या सगळ्या कोऱ्या, कडक, दुकानातून आणल्यासारख्या.
ही एकटी मऊ. मधोमध डांबर लागलेल्या अंगठ्याचा ठसा,
त्यावर दुसरा, त्यावर पुन्हा तोच.

पुढच्या सप्टेंबरात तिनं परत तेवढीच कापली असती,
त्यानं परत तेच लिहिलं असतं.
पण त्याआधी तह झाला, आणि तो घरी आला.
त्यानंतरची पत्रं नाहीत. एका छपराखाली कोण कशाला लिहील?
गावच्या चर्चमधल्या संगमरवरावर
तीन जहाजांची नावं आहेत. मुलं दोनच.

कार्ड भरायचं राहिलंय.
लांबी: दोन फूट दहा.
अवस्था: बरी.
डाग: एक. काढलेला नाही.