मुठीचा तांदूळ

आमचं मंदिर म्हणजे ऐरोलीत
टाइल्सच्या दुकानावरचा क्लासचा हॉल.
रविवारी साडेआठ ते अकरा आमचा,
मग दहावीच्या मुलांचा.
फळ्यावर शनिवारचं नफा-तोट्याचं गणित असतं
आणि खाली सरांनी लिहिलेलं : पुसू नये.
त्याच्यासमोरच आम्ही गुडघे टेकतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी बाया डबे आणतात.
रोज भात टाकताना, धुण्याआधी,
एक मूठ बाजूला.
ही रीत आमची माणसं नेवाशाकडून घेऊन आली,
भांडीकुंडी नंतर आली.
मी खजिनदार. ताणकाटा माझ्याकडे,
लाल पाठीची वही माझ्याकडे.
कुणाचा कोलम, कुणाचा इंद्रायणी,
कुणाचा रेशनचा जाडा, त्यात एखादा खडा,
उजगऱ्यांच्या सुनेचा लांब दाण्याचा, वासाचा.
सगळा एकाच गोणीत.
हात घातला की कोपरापर्यंत गार लागतं.

असला तांदूळ नीट शिजत नाही.
अर्ध्याची पेज होते, अर्धा दाताखाली कचकचतो.
पाळकसाहेब एकदा म्हणाले, मंडळीही अशीच शिजते.
लोक हसले. मी वजन लिहीत होतो.

अलीशिबा पारधेला दर महिन्याला तीन किलो.
नवरा नाही. मुलगा दिघ्याला भंगारात,
येतो कधी, कधी नाही.
ती पिशवी नेते आणि पुढच्या महिन्यात
दूध पावडरच्या जुन्या डब्यातून
मुठी भरून परत आणते.
तोच तांदूळ. मी ओळखतो ना,
कोलमात जाडा, जाड्यात वासाचा.
म्हटलं, बाई, हे आमचंच आहे.
आवकेत धरू की जावकेतून वजा करू?
ती म्हणाली, "भाऊ, घरात आला तेव्हा माझा झाला ना?
मग माझ्यातला देते."

सहाशे ग्रॅम, लिहिलं,
आणि पुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.

मार्चअखेरीस रबाळ्याची आमची कंपनी बंद पडली.
रंगाची होती. चोवीस वर्षं
माझ्या नखांत निळं, नाताळलासुद्धा.
कुणाला बोललो नाही.
सकाळी डबा घेऊन निघायचो,
खाडीकडे बाकावर बसून जेवायचो,
पाचच्या भोंग्याला घरी.
वहीत माझ्या दशमांशापुढे शून्य पडलं, दोनदा.
वही माझ्याच हातात,
तेव्हा कुणाला कळायचा प्रश्न नव्हता.

मे महिन्यात एका सकाळी दाराच्या कडीला पिशवी.
नाव नाही, चिठ्ठी नाही.
मी सवयीनं काट्याला लावली : दीड किलो.
तीनाचं निम्मं.
प्रफुल्लानं ताटात ओतला.
कोलम, जाडा, लांब दाणा.
आम्ही दोघं बघत राहिलो,
ओळखीचं कुणी भलत्या वेळी दारात उभं राहावं तसं.
तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
तिनं पातेलं घेतलं आणि धुण्याआधी,
तिच्या सवयीनं,
एक मूठ फ्रीजवरच्या डब्यात टाकली.
"अगं," मी म्हटलं.
"काय?"
काही नाही.

भात मधेमधे कच्चा होता.
रोज प्रार्थनेत आम्ही भाकर मागतो,
येतो तांदूळ, तोही असा.
आमेन म्हटलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

जूनच्या पहिल्या रविवारी
अलीशिबाबाई रांगेत माझ्यापुढे होती.
डबा दिला, चष्मा पुसला, जाऊन बसली.
आमचा डबा : चारशे ग्रॅम. लिहिलं.
मग मागची पानं चाळून
ते प्रश्नचिन्ह खोडरबरानं खोडलं.
नीट गेलं नाही.
कागद तिथे पातळ झालाय.
उजेडाला धरला की
पाठीमागच्या पानावरची जावक दिसते.