इतिवृत्तात नसलेलं

सत्तावन्न साली ठाणे नगरपालिकेत
सभेचं इतिवृत्त मी टंकित करायचो.
यंत्राचा ळ मोडलेला.
ळ आला की जागा सोडायची,
मग टाकाने, शाईने भरायची.
त्या वर्षी विषयपत्रिकेवर सारखा नळ,
त्यामुळे माझं अक्षर पानोपानी सापडेल.

विश्राम टिपणीस बहुमताचे प्रतोद.
वरच्या खिशात सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा,
त्यावर तीस रेघा.
आडवी म्हणजे आपला, उभी म्हणजे त्यांचा,
तिरकी म्हणजे आज रात्री घरी जायला हवं.
घंटा होईतो एकही तिरकी उरत नसे.
कुणाच्या मेव्हण्याला शाळेत शिपायाची जागा,
कुणाच्या गल्लीला कंदील,
कुणाला नुसतं
"तुमच्यावाचून अडलंय हो" एवढंही पुरे.
बोलताना समोरच्याच्या कोटाचं बटण धरायचे.
होकार आला की सोडायचे.

वाचनालयात अमेरिकेहून फुकट येणारं
एक गुळगुळीत मासिक होतं.
त्यात तिथल्या सिनेटमधला कुणी पुढारी
असाच एकाच्या अंगावर वाकलेला.
मी दाखवला.
टिपणीस म्हणाले, "उंच आहे, त्याचं बरंय.
मला टाचा उचलाव्या लागतात."
पण मासिक घरी घेऊन गेले,
महिनाभर परत केलं नाही.

प्रतोद म्हणजे चाबूक, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.
जांभळी नाक्यावरच्या टांग्यांकडे बोट करून म्हणाले,
"बघ, बांबूच्या नळीत खोचून ठेवलाय.
घोड्याला तो कुठे आहे
एवढं ठाऊक असलं की झालं."

मग चेंदणीचा विषय आला.
नवी जलवाहिनी आधी कारखान्यांकडे,
असा पक्षाचा आदेश.
आधी कोळीवाड्याकडे, अशी विरोधकांची उपसूचना.
पुठ्ठ्यावर पंधरा आडव्या, पंधरा उभ्या.
आदल्या संध्याकाळी कळलं,
विरोधी बाकावरचा आंतोन रेमेडिओस उद्या येत नाही,
त्याची आई इस्पितळात, शेवटच्या घटका.
पक्षाच्या कचेरीत कुणीतरी पेढे आणायला धावलं.

मी मासुंद्याच्या कठड्यापाशी उभा होतो.
टिपणीस आंतोनपाशी गेले.
त्याच्या अंगात कोट नव्हता, बंडी होती,
धरायला बटण नव्हतं.
हात मधेच थांबला, मग खाली आला.
"तू आईपाशी बस," म्हणाले.
"उद्या मीही नाही."

अशी रीत तिकडे आहे म्हणे.
एकाचा माणूस अडला
तर दुसऱ्याचा एक बाहेर बसतो.
त्या मासिकात होतं, पान मुडपलेलं.
आपल्याकडे शब्द नाही त्याला.
मी रात्रभर शोधला.
जोडी म्हटलं तर बैलांची वाटते,
फिटंफाट म्हटलं तर भांडणाची.

दुसऱ्या दिवशी चौदा विरुद्ध चौदा.
नगराध्यक्षांनी दाराकडे पाहिलं,
मग पाण्याच्या तांब्याकडे,
मग पुन्हा दाराकडे.
टिपणीस समोरच्या हॉटेलात बसलेले,
खिडकीतून त्यांची टोपी दिसत होती.
निर्णायक मत द्यायची वेळ आली
तेव्हा नगराध्यक्षांना खोकला आला.
विषय तहकूब.

म्हणजे कुणीच जिंकलं नाही.
चेंदणीला नळ आला दोन पावसाळ्यांनंतर,
तोही दुसऱ्याच कुणाच्या नावाने.
टिपणीसांचं पद आठवड्यात गेलं.
"विकला गेला" म्हणाले, आणि किंमत सांगताना
प्रत्येकाने वेगळी सांगितली.
आंतोन पुढच्या सभेला आला, काळी फीत लावून,
आणि टिपणीसांच्या अंदाजपत्रकावर
पाऊण तास तुटून पडला.
टिपणीस शेवटच्या बाकावर,
हातात कोरा पुठ्ठा, डुलकी घेतल्यासारखे.
मला मात्र वाटतं, ते हसत होते.

परवा जुनी बाडं बघायला मिळाली.
कागद ठिसूळ, शाई तपकिरी.
नळ, कोळीवाडा, तळ्यापाशी, वेळेअभावी
सगळीकडे माझा हात.
त्या दिवसाचं पान काढलं.
"श्री. टिपणीस अनुपस्थित. विषय तहकूब."
पुन्हा वाचलं.
त्या दोन वाक्यांत
कुठेही ळ नव्हता.