नऊ तासांवरचं दार

पहिल्या वर्षी सगळ्यात जवळचं दार
नऊ तासांवर होतं.
आर्डिथच्या पिकअपचा हीटर अर्धाच चालायचा.
शेजारी बाई, मांडीवर एक पोर, मध्ये एक,
उशीच्या अभ्र्यात कोंबलेले कपडे.
सस्कॅचवनचा बर्फ सरता सरायचा नाही.
पोरं झोपायची, उठायची,
पुन्हा झोपायची.

मग नदीपल्याड एक घर झालं.
बंद पडलेल्या दवाखान्यात दुसरं.
कुणा पाद्र्याच्या बायकोनं
नवऱ्याला न विचारता तळघर दिलं.
रात्री-अपरात्री एका घरातून दुसऱ्या घरात फोन:
खाट आहे का?
आहे. पाठव.
हॅलिफॅक्सपासून युकॉनपर्यंत
एवढंच बोलणं,
आणि नकाशावर एकही खूण नाही.

आर्डिथ अजून गाडी चालवते.
गुडघे कुरकुरतात, हीटर नवा आहे.
परवाचा प्रवास चाळीस मिनिटांचा.
"एवढ्यात आलं?" पोरगी चिडली,
"माझी झोपसुद्धा नाही झाली."

आर्डिथ हसली. खूप वर्षांनी, स्टिअरिंगवर डोकं टेकून.

दारावर पाटी नव्हती, खिडकीत उजेड होता.
आत कुणीतरी फोनवर
कुठल्याशा लांबच्या घराला विचारत होतं:
एखादी खाट आहे का गं?
हिला घेतलं की आमच्याकडे
जमीनसुद्धा उरत नाही.