वाफेसाठी

अबानूब, दार लोटून घे.
गार वारं लागलं की खमीर रुसतं.
या खोलीला आम्ही बेथलेहेम म्हणतो,
म्हणजे भाकरीचं घर.
मिनियाच्या दक्षिणेला, कालवा वळतो तिथे,
चर्चच्या पाठीला टेकलेलं
काजळी धरलेलं छप्पर आणि एक भट्टी.

हात धुतलेस? पोटात काही नाही ना?
मग मळ. मनगटाने नको, खांद्यापासून.
पीठ, पाणी, कालचं खमीर. मीठ नाही.
मीठ तो स्वतःच आहे, असं माझा बाप सांगायचा,
आणि बापाला त्याचा बाप.
मी कधी फारसं विचारलं नाही.
स्तोत्रं म्हणत मळलं की कणीक लवकर मऊ होते
एवढंच मला ठाऊक.

हा ठसा. जर्दाळूच्या लाकडाचा.
मध्ये क्रूस, भोवती बारा घरं.
दाब. उचल. बघ कसा उमटला.
आता सळई घे.
उजवीकडे तीन, डावीकडे दोन,
आरपार नाही, पण भीतभीतही नाही.
खिळ्यांची तीन, काट्यांच्या मुकुटाचं एक, भाल्याचं एक.
हे तू रविवारच्या शाळेत शिकला असशील.

मी शिकलो ते उशिरा.

माझ्या कारासला तू पाहिलं नाहीस.
टुकटुक कालव्यात गेली तो बुधवार होता, उपासाचा.
उसातून धावत गेला तो.
एक पोर काढलं. दुसरं काढलं.
तिसरी बुडी मारली ती तिसऱ्यासाठी,
आणि तिसरं तर केव्हाचं
पलीकडच्या काठाला लव्हाळं धरून उभं.

हे मला कुणी सांगायला नको होतं.

लोक आले. म्हणाले, हुतात्मा.
म्हणाले, देवाने आपलं फूल खुडलं.
मी त्यांच्यासाठी चहा ठेवला.

चाळिसावा झाला. भट्टी पेटवली.
ठसा उमटवला, सळई घेतली,
आणि हात पुढे जाईना.
एवढं दुखलेल्या अंगाला आणखी काय टोचायचं?
नाहीच टोचलं. तशाच सारल्या आत.

फुटल्या रे, सगळ्या.
एकीची कड उलली, एकीचा क्रूसच दुभंगला.
आतली वाफ जाणार कुठे?

अबूना तादरोसनी परात पाहिली.
वेदीवर निष्कलंक भाकर लागते.
बोलले काहीच नाहीत.
बाह्या सरसावल्या आणि पाण्याची बादली भरून आणली.
पहाटेचे चार. दोघांनी नव्याने मळलं.
त्या खेपेला थोडं मीठ पडलं,
कुठून ते विचारू नकोस.
देवाने तेवढ्या रविवारी चालवून घेतलं.

मग पाच वेळा टोचलं मी.
भट्टीच्या तोंडाशी कान लावून बसलो.
एकेका भोकातून बारीक सुस्कारा,
आणि भाकर अखंड.

काय कळलं ते नीट सांगता येत नाही.
कबरीतून उठला, तरी त्याच्या जखमा बुजल्या नाहीत.
बोट घालून बघावं एवढ्या उघड्याच राहिल्या.
बुजल्या असत्या
तर आमच्यासारख्यांची वाफ कुठून गेली असती?
इरीनी अजून कारासच्या चपला
उंबऱ्याशी सरळ करून ठेवते.
मी तिला आता उचल म्हणत नाही.

ऐक, गाढवगाडी.
गिरणीवाल्याचा यासीन.
पहाटेची नमाज आटोपून पोतं टाकायला येतो.
तोच तिसरा. लव्हाळ्याचा.
आता मिसरूड फुटलंय त्याला.
आत येत नाही, पैसे पुरते घेत नाही.
एकदा भाकर उलटसुलट करून म्हणाला,
वनीसकाका, ही भोकं कशाला?
म्हटलं, वाफेसाठी.
कितीतरी वेळ ती तशीच हातात धरून उभा होता.
मग म्हणाला,
काका, मी पोहायला शिकलोय.

उठ, दार उघड त्याला.
आणि प्रार्थनेनंतर वाटायच्या भाकरींतली
एक आधीच बाजूला ठेव.
कडेची नको.
मधली, चांगली फुगलेली.