एक हात खिशात

वीजखात्यात एकतीस वर्षं मी
वीज उडी मारणार नाही एवढंच बघितलं.
उजव्या हाताची दोन बोटं तिथंच जमा आहेत,
पावती मिळाली नाही.
आता आगरवाड्यात, मिठागराच्या कडेला,
उरलेल्या आठांनी
तिला उडी मारायला शिकवतोय.

ट्रान्सफॉर्मर कायतानच्या बंद पडलेल्या बारचा.
त्याच्या लाल निऑनमधलं शेवटचं अक्षर
कधीच नीट पेटलं नाही;
दोष अक्षराचा, ट्रान्सफॉर्मरचा नव्हे,
हे मी तेव्हाही सांगत होतो.
बाटल्याही त्याच्याच. बारा.
आत मिठाचं पाणी, वर तेलाचा पातळ थर,
बाहेर टबात पुन्हा मिठाचं पाणी.
झाला कपॅसिटर.
मीठ आगरातलं, फुकट.

तार सूर्याजी रिवाइंडिंगवाल्याकडची.
मी गुंडाळायचो, शालन मोजायची.
चारशे आणि काहीतरीवर
स्विंडनहून मुलीचा फोन आला:
थंडी, भाडं, नातवाचा दात.
फोन ठेवला तेव्हा आकडा गेला होता.
"चारशे सतरा," ती म्हणाली.
"चारशे एकाहत्तर," मी.
मी खात्यातला, म्हणून माझं धरलं.
नऊशेला थांबलो.

पहिल्या रात्री स्पार्क गॅप फोडणीसारखा तडतडला,
वर टोकाला मात्र काही नाही.
दुसऱ्या रात्री ठिणग्या
पाइपाच्या अंगावरूनच उतरायला लागल्या,
मुंग्या उतरतात तशा.
इथली हवाच खारट, पाइपही सादळलेला.
तीन दुपारी तो उन्हात ठेवला,
सुकत घातलेल्या सुंगटांशेजारी,
वॉर्निशचे चार हात दिले.
तरी मुंग्या.
शालन दारातूनच म्हणाली,
"फार चिकटून बसलीत ती दोघं. अंतर ठेव थोडं."
कॉइलबद्दलच बोलली, असं मी धरून चाललो.
सेकंडरीखाली दोन कौलं सरकवली.
मुंग्या गेल्या.

अर्थिंगचं सांगायला लाज वाटते.
सळई जांभ्यात ठोकली होती.
एप्रिलचा जांभा म्हणजे कडक टोस्ट,
तो काय वीज पिणार!
उपटली, आणि पंधरा पावलांवर
आगराच्या चिखलात धरली.
ठोकावी लागली नाही. चिखलानेच ओढून घेतली.

मग तांब्याच्या नळीवर क्लिप
सहाव्या वेढ्यावर. सव्वासहावर. साडेसहावर.
दर वेळी आधी स्विच बंद,
मग काठीला बांधलेल्या तारेनं बाटल्या रित्या करायच्या,
मग हात. एकच.
दुसरा खिशात.
छातीवरून रस्ता द्यायचा नाही कुणाला:
नव्या पोरांना हे मी शिकवायचो,
बोटं गेल्यानंतर.

पावणेसातावर
बेबिंकाच्या दोन जुन्या साच्यांच्या टोपीवरून
जांभळी फांदी फुटली.
हातभर.
हवेला चाटली, विझली, पुन्हा दुसरीकडून फुटली.
झेरॉक्सच्या दुकानातला वास भरला पडवीत
आणि मला नसलेलं बोट दुखलं.
पलीकडे रुझारिनचा टीव्ही गेला.
साचे तिचेच, त्यामुळे शिव्या जरा जास्त.

शालन बराच वेळ गप्प.
मग, "म्हणजे वेढे नक्की किती?"
कागद घेतला, उलटा हिशेब मांडला,
आठशे सेहेचाळीसच्या आसपास येत होते.
नऊशेतून वजा केले: चोपन्न.
एकाहत्तरातून सतरा गेले, तरी चोपन्नच.
तिने कागद घडी करून
देवाच्या फळीवर ठेवला. बोलली नाही काही.

मी अडगळीतली गेलेली ट्यूब उचलली,
लांबूनच पुढे धरली.
पेटली. कशालाच जोडलेली नव्हती.
"मला दे," ती म्हणाली.
"एका हातानं. दुसरा खिशात घाल."
"लुगड्याला खिसा असतो?"
इकडे तिकडे पाहिलं तिने,
आणि हात माझ्याच खिशात घातला.

सातव्या बाटलीला तडा गेलाय.
टबाखाली पाणी दिसतंय.
उद्या बघू.