आतली हवा

गॅसचा कॉक आता कपाटाआड आहे,
त्याची चावी माझ्या करदोड्यात.
आण्णा शेगडीशी जातात, बटण फिरवतात,
कान देऊन ऐकतात
आणि म्हणतात, 'लाकडं ओली हाईत.'
हो म्हणायचं.
ओलीच आहेत.

संडासाच्या दारावर आधी अक्षरं लावली होती.
आण्णांनी ती मोठ्यानं वाचली, छान वाचली,
आणि जास्वंदीच्या कुंडीकडे गेले.
मग सन्मतीनं टमरेलाचं चित्र काढलं.
ते चालतं.

आरशावर टॉवेल टाकलाय.
आत एक म्हातारा असायचा, ताटाकडे बघत,
आणि आण्णा म्हणायचे, 'त्याला आधी वाढा.'

जात्याला टाकी लावतात तशी
न्हाणीच्या फरशीला मी छिन्नी लावली,
एका रविवारी, गुडघ्यांवर बसून.
सदऱ्याच्या कॉलरच्या आत
निळ्या दोऱ्यानं माझा नंबर.
शेवटचा आकडा धुण्यात उसवलाय,
तीन की आठ कळत नाही,
पण कोपऱ्यावरच्या मेहबूबला तो पाठ आहे,
इलाही रिक्षावाल्यालाही.
हरिपूर तेवढं लहान आहे अजून.

चारला सुरू होतं.
'मापं राह्यली. पावत्या कुठं ठेवल्या?'
पहिले काही महिने मी खरं सांगायचो,
की आण्णा, पेवं बुजली,
पूर आला, पाणी आत उतरलं, हळद कुजली,
त्यावर प्लॉट पडलेत आता.
ते मटकन खाली बसायचे.
दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच,
पुन्हा पहिल्यांदाच बुडालेली तेवढी हळद.
किती वेळा बुडवायची एका माणसाची हळद?

आता म्हणतो, 'ट्रक यायचाय, माल निवडून ठेवा,'
आणि पुढ्यात परात ठेवतो.
हळकुंडं एकीकडे, गड्डे एकीकडे.
एखादं मोडून वास घेतात,
'ही शिजवताना कच्ची राह्यली.'
चूक नाही. मी दुकानदाराला विचारून आलो.
माझं नाव मात्र रोज वेगळं.
रात्री, ते झोपल्यावर,
मी दोन्ही ढीग पुन्हा एक करतो.
चोरी केल्यासारखं वाटतं,
हात पिवळे होतात.

फाटकाला बैलाची घंटा बांधली होती.
परवा ती वाजलीच नाही.
मेहबूबनं पाह्यलं होतं, त्याला वाटलं मी मागं आहे:
घंटेची जीभ मुठीत धरून
आण्णांनी फाटक लोटलं,
निजलेल्या पोराला जाग येऊ नये तसं.

संगमाच्या रस्त्याला सापडले,
कुणाच्या तरी बंगल्याच्या अंगणात,
खाली बघत.
मी धावत गेलो, ओरडतच.
छातीवर तळवा ठेवून त्यांनी मला अडवलं.
अजून केवढा जोर त्या हातात.
'थांब. झाकण काढलं की लगी उतरू नगंस.
आतली हवा जाऊ दे.
कंदील सोड आधी. तो विझला
तर माणूस बी विझतो.'

खाली पेव्हर ब्लॉक होते,
आणि एक लहान सायकल, आडवी पडलेली.

मी थांबलो.
बंगल्यातली बाई बाहेर आली, काही विचारणार होती,
आमचे दोघांचे पिवळे हात बघून
पाणी आणायला आत गेली.
पाणी पिऊन झाल्यावर
आण्णांनी मनगट धरलं माझं,
'आता चल. सांभाळून. पायऱ्या न्हाईत.'
आणि सपाट रस्त्यावरून
एकेक पाऊल मला खाली उतरवत
घरापर्यंत आणलं.

फाटकाला आता दोन घंटा आहेत.
हातही दोनच आहेत त्यांना, माहीत आहे.

सकाळी त्यांच्या खोलीचं दार ढकललं
की मी उंबऱ्यावर जरा थांबतो.
काळोखातून विचारतात, 'कोण हाय?'
कधी मी इलाही असतो, कधी ट्रकवाला.
आज म्हणालो, 'हमाल.'
'मग दारात का उभा?
ये की.'