ओझं दिल्यावर मोज

उणे दहा मागितले होते.
कॅमेरा अधिक तीनवर अडून बसला,
शीतकाची ताकद शंभर टक्के, शंभर, शंभर,
आणि मग पडद्यावर एकच ओळ:
उपकरण सापडत नाही.
हे आज तिसऱ्यांदा.

कोंबार्बालाच्या वरच्या या माळावर
वीज म्हणजे ट्रकची बॅटरी,
आणि मदत म्हणजे एदुविना,
जी चाळीस वर्षं खाणीच्या गाड्यांच्या वायरी जोडत आली
आणि आकाशाकडे फक्त
उद्या वारा सुटेल का, एवढ्यापुरतं बघते.

आधी पंखा उघडला.
चिमट्याने शेळ्यांचे केस उपसले,
करडे, पांढरे,
आणि एक तांबूस,
म्हणजे बेर्मेहा,
ती तर हिवाळ्यातच गेली.
केस मी झग्याला पुसला नाही.
का ते मलाही सांगता येणार नाही.

पंखा मोकळा झाला.
आकडा अधिक तीनवरून हलला नाही.

मग काचेवरचं दव.
संवेदकाच्या मधोमध बर्फाचं एक फूल उमललेलं,
नरतुरंगातल्या गुच्छावर नेमकं.
आतले ओलावा शोषणारे मणी दमले होते.
एदुविनाने ते तव्यावर घेतले,
मातीच्या भट्टीत, पावाच्या शेजारी ठेवले;
पाव फुगला, मणी पुन्हा निळे झाले,
आणि दोन्हीचा वास एकच आला, असं मला वाटलं.
(पाव जरा करपला.)

फूल गेलं. तीन तसाच.

"मीटर दे," ती म्हणाली.
मी बॅटरीवर टेकवून दाखवला: बारा पूर्णांक सहा.
"बघ, वीज ठीक आहे."
ती हसली नाही.
"रिकाम्या पोटी सगळेच बारा सांगतात.
ओझं दे, मग मोज.
आणि इथे नाही, तिथे, जिथे पोचायचंय तिथे."

शीतक चालू केला.
वायरीच्या दुसऱ्या टोकाला, कॅमेऱ्याच्या खोबणीपाशी,
आकडा उतरत गेला,
बारा, साडेअकरा,
दहा पूर्णांक नऊ,
आणि तिथेच पडदा काळा झाला.

वायर बारीक होती,
गोठ्यातल्या दिव्याची,
अकरा मीटर, तीन ठिकाणी चिकटपट्टी.
वाटेत प्रत्येक हात थोडं थोडं काढून घेत होता.
मी विसरलो होतो
की तिथे माझा भाऊ एलेउतेरियो राहिला होता,
त्यानेच ती ओढली होती, कालामाला जाण्याआधी.
तो फोनवर म्हणतो, सगळं ठीक.
नेहमी रविवारी म्हणतो,
सुट्टीच्या दिवशी, पाय वर करून.
मी त्याला कधी पाळीच्या मध्यावर
फोन केलेला नाही.

एदुविनाने ट्रक पुढे आणला,
इंजिन बंद, दिवे बंद,
जाड तांब्याची दोन मीटर वायर,
खोबणीतला सैल काटा पक्कडीने किंचित चिमटला.
"आता."

अधिक तीन. शून्य.
उणे चार. उणे आठ.
बराच वेळ उणे नऊ पूर्णांक सात,
आणि तेवढ्या वेळात आम्ही करपलेला पाव चीजबरोबर खाल्ला.
उणे दहा.
ताकद: बासष्ट टक्के.
बाकीचे अडतीस शिल्लक,
हे मला कुठल्याही ताऱ्यापेक्षा सुंदर दिसलं.

पहाटेपर्यंत कॅमेरा मोजत राहिला.
दाणेदार लाल-निळी धूळ गेली,
गुच्छ हाती आला, लाखो दिवे,
एकाचंही ओझं कमी मोजलेलं नाही.

एदुविना पडद्यापाशी वाकली.
कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं:
"हा लाल, हा एकटाच. याचं नाव काय?"

तो तारा नव्हता.
संवेदकावरचा एक गरम ठिपका,
कितीही थंड केलं तरी न निवणारा,
काळ्या चित्रांतही दिसणारा,
एका टिचकीने पुसता येणारा.

मी म्हटलं, शोधावं लागेल.
आणि फाईल तशीच जपून ठेवली.

दिवस उजाडल्यावर एलेउतेरियोचा नंबर लावला.
बुधवार होता, साडेसात.
घंटी वाजत राहिली.